मॉनिटरमधून लॅपटॉपला वायरचं जलद इंटरनेट : वेग नेमका कुठे अडतो?



हल्लीच्या पातळ लॅपटॉपला इंटरनेटची वायर लावायला जागाच नसते. मग सगळा भरवसा वाय-फायवर. एरवी ते चालतं, पण ऑनलाइन तास सुरू असताना आवाज तुटायला लागला किंवा मुलाच्या परीक्षेचं पान मध्येच अडकलं, की वायरची आठवण येते. अशा वेळी टेबलावरचा मॉनिटर कामाला येऊ शकतो. काही मॉनिटरच्या मागे इंटरनेटच्या वायरचं पोर्ट असतं, म्हणजे राउटरला असतं तसंच. एकाच टाइप-सी केबलमधून चित्र, चार्जिंग आणि इंटरनेट तिन्ही मिळतं.

पण पुष्कळ जणांचा अनुभव असा, की वायर लावली तरी वेग काही वाढत नाही. मग इंटरनेटचा महागडा प्लॅन घेतला जातो आणि तरीही फरक पडत नाही. असं का होतं, ते या पाठात पाहू.

१. हे चालतं कसं?

मॉनिटर स्वतः इंटरनेटवर जात नाही. त्याच्या आत एक यूएसबी हब आणि नेटवर्कची छोटी चिप असते. लॅपटॉपला वाटतं, आपल्याला यूएसबीचं नेटवर्क कार्ड जोडलंय. म्हणजे इंटरनेट येतं ते यूएसबीच्या वाटेने, चित्राच्या वाटेने नाही.

म्हणूनच नुसती एचडीएमआय केबल लावली तर चित्र आणि आवाज मिळेल, इंटरनेट मिळणार नाही. एचडीएमआयच वापरायची असेल, तर मॉनिटरच्या यूएसबी अपस्ट्रीम पोर्टपासून लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टपर्यंत दुसरी केबल लावावी लागते. मॉनिटरला नेटवर्क पोर्ट नाही, पण यूएसबी हब आहे? मग बाजारात मिळणारा यूएसबी-इथरनेट अडॅप्टर त्या हबमध्ये लावा. हबही नसेल, तर अडॅप्टर सरळ लॅपटॉपलाच लावा.

२. जोडणी

- राउटरच्या लॅन पोर्टमधून नेटवर्क केबल मॉनिटरच्या नेटवर्क पोर्टमध्ये लावा.
- मॉनिटरसोबत आलेली टाइप-सी केबल लॅपटॉपला जोडा. लॅपटॉपचं टाइप-सी पोर्ट चित्र पाठवू शकणारं हवं. काही पोर्ट फक्त डेटा आणि चार्जिंगसाठीच असतात, तेव्हा आधी माहितीपुस्तिका बघा.
- विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट उघडा. तिथे 'इथरनेट' दिसलं की जोडणी झाली. नाही दिसलं, तर मॉनिटर कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घ्या.

३. वेग अडण्याच्या चार जागा

पाण्याची पाइपलाइन डोळ्यांसमोर आणा. टाकी कितीही मोठी असू दे, नळाला पाणी येतं ते सगळ्यात अरुंद पाइपाच्या हिशोबानेच. इथेही तसंच आहे.

राउटरचं पोर्ट : स्वस्तातल्या बऱ्याच राउटरची लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचीच असतात. प्लॅन ३०० चा असला तरी वायरवर १०० च्या वर जाणार नाही.

नेटवर्क केबल : केबलमध्ये ८ तारा, म्हणजे ४ जोड्या असतात. १०० एमबीपीएसला २ जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. १०० ला न लागणाऱ्या दोन जोड्यांतली एक तार जरी तुटली किंवा टोकाला नीट बसली नसली, तर सहसा इंटरनेट चालू राहतं, पण वेग गुपचूप १०० वर येतो. कॅट-५ई किंवा कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत १००० एमबीपीएस देते, त्यामुळे घरासाठी ती पुरेशी आहे.

टाइप-सी केबल : मोबाईल चार्जरसोबत येणारी टाइप-सी केबल दिसायला तशीच असते. पण त्यातल्या पुष्कळ केबल यूएसबी २.० च्या असतात आणि त्यातून चित्रही जात नाही. मॉनिटरच्या खोक्यातली केबल जपून ठेवा, ती यासाठी.

मॉनिटरची सेटिंग : ही जागा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. टाइप-सीमध्ये चार जलद मार्गिका असतात आणि शेजारी यूएसबी २.० चा जुना सर्व्हिस रोड. चित्राने दोन मार्गिका घेतल्या तर उरलेल्या दोन यूएसबी ३ ला मिळतात. चित्राने चारही घेतल्या तर इंटरनेटला सर्व्हिस रोडने जावं लागतं. तिथली कागदावरची मर्यादा ४८० एमबीपीएस, प्रत्यक्षात साधारण ३०० च्या आसपास मिळतात. काही मॉनिटरच्या मेनूमध्ये 'हाय रिझोल्यूशन' की 'हाय डेटा स्पीड' अशी निवड असते. फुल एचडी मॉनिटरला दोन मार्गिका आरामात पुरतात, तिथे डेटा स्पीड निवडा. जुन्या पद्धतीच्या ४के जोडणीत मात्र तसं केल्यास चित्र सेकंदाला ६० ऐवजी ३० वेळाच बदलतं आणि माउस जड वाटतो. तिथे काय जास्त गरजेचं, ते आपण ठरवायचं.

४. दोन आकडे, लगेच निदान

इथरनेटच्या पानावर 'लिंक स्पीड' बघा आणि मग स्पीड टेस्ट करा. टेस्ट करताना वाय-फाय बंद ठेवा.

- लिंक स्पीड १०० : दोष राउटरच्या पोर्टात किंवा नेटवर्क केबलमध्ये.
- लिंक स्पीड १०००, प्लॅन ५०० किंवा जास्त, पण टेस्ट ३०० च्या आसपासच अडते : टाइप-सी केबल किंवा मॉनिटरची सेटिंग तपासा.
- लिंक स्पीड १००० आणि टेस्ट प्लॅनइतकी : सगळं ठीक आहे.

दुसऱ्या ओळीत बरेच जण फसतात. लिंक स्पीड सांगते ती फक्त राउटर ते मॉनिटर इतकीच गोष्ट. मॉनिटर ते लॅपटॉप हा टप्पा त्या आकड्यात येत नाही.

५. वीज गेली तर?

लॅपटॉप बॅटरीवर चालत राहील, पण मॉनिटर बंद पडला की वायरचं इंटरनेटही जातं. म्हणून परीक्षेच्या दिवशी राउटर इन्व्हर्टरवर ठेवा आणि लॅपटॉपमध्ये वाय-फाय चालू राहू द्या. वायर असेपर्यंत विंडोज सहसा वायरच वापरतं, ती गेली की वाय-फायवर जातं. काही मॉनिटर स्लीपमध्ये गेल्यावर यूएसबी पोर्टही बंद करतात. मेनूमध्ये त्याची सेटिंग असेल तर बदलून घ्या.

६. वर्गासाठी उपक्रम (इयत्ता आठवी ते दहावी)

१ जीबीचा व्हिडिओ उतरवायला किती वेळ लागेल? १ बाइट म्हणजे ८ बिट, म्हणून १ जीबी म्हणजे सुमारे ८००० मेगाबिट. मुलांना भागाकार करू द्या.

- ९४ एमबीपीएस : सुमारे ८५ सेकंद
- ३०० एमबीपीएस : सुमारे २७ सेकंद
- ९४० एमबीपीएस : सुमारे साडेआठ सेकंद

मग विचारा : राउटर १०००, नेटवर्क केबल १००, मॉनिटर १०००, प्लॅन ३००, तर लॅपटॉपला किती मिळेल? उत्तर १०० च्या आत. आता यातली कोणती एक वस्तू बदलली तर वेग वाढेल? प्लॅन वाढवावा असं सांगणारी मुलं निघतीलच. त्यांना चारही आकडे फळ्यावर ओळीने लिहायला लावा, सगळ्यात लहान आकडा त्यांचा त्यांनाच सापडेल. पालकांनीही नवा प्लॅन घेण्याआधी घरचे चार आकडे असेच कागदावर मांडून पाहावेत. पुष्कळदा दोन-तीनशे रुपयांच्या केबलमध्येच काम भागतं.