रविवारी धरणात उतरू नकोस

कासारसाई

चि. ओंकारास अनेक आशीर्वाद.

घड्याळाचा फोटो पाहिला. तुझ्या आजोबांकडेही फेवर-ल्यूबाच होतं, पण पावसाचा थेंब पडला की ते काढून खिशात ठेवायचे. या कंपनीनं साठच्या दशकात खोली दाखवणारं ‘बाथी’ काढलं होतं. 2011 साली टायटननं कंपनीच विकत घेतली आणि पुढे तुझं हे ‘बाथी 120’ आलं. मागच्या बाजूनं पाणी आत शिरतं, दाबानं धातूचा पातळ पडदा किंचित वाकतो आणि काटा 120 मीटरपर्यंत फिरतो. सर्वांत खोल कुठवर गेलास तेही घड्याळ लक्षात ठेवतं. कारागिरी देखणी आहे, वादच नाही. किमतीबद्दल तुझ्या आईशी तूच बोल.

पण रविवारी धरणावर येऊन ‘तपासून बघतो’ म्हणालास, ते करू नकोस.

घड्याळाला कळतो तो फक्त दाब. समुद्राचं पाणी जड. त्यासाठी आखलेली तबकडी आपल्या गोड्या पाण्यात 20 मीटर दाखवेल तेव्हा तू अर्धा मीटर आणखी खाली असशील. एवढ्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते वर येताना. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचावर, इथे हवेचा दाब कमी. त्यामुळे अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो. समुद्रासाठी केलेली बुडीची कोष्टकं इथे जशीच्या तशी चालत नाहीत. शिवाय तळाला गाळ, आणि तू एकटा.

तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा शिकवणारी संस्था आहे, आधी तिथे शीक. घड्याळ खुशाल हातात घाल, पण भरवसा डाइव्ह कॉम्प्युटरवर ठेव. नायट्रोजनचा हिशेब तो करतो, तुझा काटा नाही. आणि जोडीदाराशिवाय पाण्यात जायचं नाही.

आणखी एक, जे उत्साहात हमखास विसरलं जातं: शेवटची बुडी मारून त्याच संध्याकाळी गाडी घाटाला लावू नकोस. विमानात बसायला एका बुडीनंतर निदान 12 तास आणि एकाहून जास्त बुड्यांनंतर 18 तास थांबावं, असा संकेत आहे. तो साधारण 600 मीटरच्या पुढच्या उंचीसाठी, आणि परतीच्या वाटेवरच्या आंबोली घाटाचा माथा जवळपास 690 मीटरवर. तेव्हा तारकर्लीतच आणखी एक रात्र काढ. खोलीचं भाडं मी देतो.

मामी म्हणते, येताना आगळ आण.

तुझा,
मामा