पडद्यामागे अडकलेली कामं

स्क्रीनवरचं बटण चाललं नाही की पाच मिनिटांत फोन येतो. पडद्यामागचं काम अडलं तर कोणी हूं की चूं करत नाही. कळतं तेव्हा महिना उलटलेला असतो. आमचं अ‍ॅप गृहनिर्माण सोसायट्यांची मेंटेनन्स बिलं काढतं. पीडीएफ, ईमेल, थकबाकीचे एसएमएस ही सगळी कामं जँगो सेलेरीकडे सोपवतं आणि त्यांची क्यू रेडिसमध्ये असते. या मंडळींशी झटताना पटलेल्या काही गोष्टी.

१. ‘फेल’ झालेल्या टास्कची फार धास्ती घेऊ नये. त्याने निदान तक्रार तरी नोंदवलेली असते. एरर आहे, ओळीचा नंबर आहे, चहा होईपर्यंत कारण सापडतं. घाम फोडतात ती गायब झालेली आणि दोनदा झालेली कामं, कारण लॉगमध्ये लाल रंगाचं काहीच नसतं.

२. ‘का अडलं’ हे नंतर, ‘कुठवर पोचलं’ हे आधी. क्यूत पडलं का? वर्करने उचललं का? संपलं का? क्यूची लांबी नुसती वाढत असेल तर उचलणाराच जागेवर नाही. लांबी शून्य असूनही बिलं निघाली नसतील तर वर्करच्या पोटात बघा. सेलेरीचा वर्कर एरवी प्रत्येक प्रोसेसमागे चार कामं आगाऊ उचलून ठेवतो. त्यातलं एक वर्षभराच्या ताळेबंदाचं निघालं, तर मागची चिमुकली ईमेल्सही खोळंबू शकतात आणि क्यू मात्र रिकामी दिसते. लांबलचक रिपोर्टांना वेगळी क्यू, वेगळा वर्कर द्या आणि तिथे आगाऊ उचल चारवरून एकवर आणा. लॉगमध्ये टास्कच्या आयडीशेजारी सोसायटीचा आणि बिलाचा नंबर छापा. रात्री अकराला सेक्रेटरीकाका फोनवर टास्कचा आयडी सांगत नाहीत, फ्लॅट नंबर सांगतात.

३. काम सुरू झाल्याची नोंद आहे, संपल्याची नाही, एररही नाही, अशा वेळी मेमरीवर संशय घ्यावा. मोठ्या सोसायटीच्या सगळ्या पीडीएफ एकदम मेमरीत घेतल्या की लिनक्सचा कर्नल प्रोसेसला सिग्नल ९ देऊन मोकळा होतो. पायथनला शेवटचा शब्द बोलायचीही संधी मिळत नाही. कंटेनरच गेला तर एक्झिट कोड १३७ दिसतो (१२८ अधिक ९), आणि कर्नलच्या लॉगमध्ये मारल्याची नोंद सापडते. खरी गोम पुढे आहे. सेलेरी मुळात काम सुरू करण्याच्या जरा आधीच ‘मिळालं’ अशी पोच देऊन टाकते, म्हणून प्रोसेस मेली की काम क्यूतही उरत नाही. पोच उशिरा देण्याची सेटिंग आहे. पण काम करणारी प्रोसेस अशी अचानक मेली तर त्या सेटिंगनंतरही मुख्य वर्कर पोच देऊनच टाकतो. ते थांबवायला दुसरी सेटिंग लागते. दोन्ही डोळे मिटून लावू नका. मेमरी खाणारं काम परत परत क्यूत येईल आणि दर खेपेला एक प्रोसेस घेऊन जाईल. आधी पीडीएफ एकेक करून काढा.

४. ‘असं बिलच नाही’ अशी एरर आणि डेटाबेसमध्ये बिल ढळढळीत हजर, हे दिसलं तर वर्कर खोटं बोलत नसतो. ट्रान्झॅक्शन पुरं व्हायच्या आधीच टास्क क्यूत गेलं आणि वर्कर डेटाबेसच्या पुढे धावला. हे लॅपटॉपवर सहसा घडत नाही, गर्दीच्या सर्व्हरवर घडतं. २०१५ च्या जँगो १.९ पासून ‘ऑन कमिट’ची सोय आहे, ती वापरायला आळस करण्याचं कारण नाही.

५. रेडिसबरोबर सेलेरी वापरताना पोच न आलेलं काम एक तासानंतर हरवलं असं धरून पुन्हा वाटलं जातं. सकाळी नऊला ‘संध्याकाळी सहाला पाठव’ म्हणून सोपवलेला एसएमएस वर्कर हातात धरून बसतो, पोच देत नाही. दर तासाला त्याची नवी प्रत वाटली जाऊ शकते. मग सहाच्या ठोक्याला एकाच थकबाकीदाराला एकच आठवण ओळीने येते, आणि तो बाकी भरायच्या ऐवजी भांडायला येतो. ही मुदत वाढवता येते. पण दूरच्या वेळेची कामं डेटाबेसच्या तक्त्यात ठेवावीत आणि दर काही मिनिटांनी वेळ झालेली तेवढीच उचलावीत, हे मला जास्त पटतं. शिवाय पाठवण्याआधी ‘हा पाठवला आहे का’ हे तपासणारी युनिक नोंद हवीच. ती नसेल तर रीट्रायच्या बटणाला हातही लावू नका.

६. बाहेरच्या सर्व्हरला हाक मारताना टाइमआउट लिहा. पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी आपणहून तो लावत नाही. एसएमएसवाला गप्प बसला की वर्करही गप्प बसतो.

७. वेळापत्रकात टाइमझोन सांगितला नाही तर सेलेरी यूटीसी धरते. रात्री दोनचं काम सकाळी साडेसातला, ऐन गर्दीत.

८. नवा कोड आला की वर्कर रीस्टार्ट करायचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. क्रम मात्र विसरतात. वेब आधी बदललं आणि जुन्या वर्करच्या हाती नव्या नावाचं टास्क पडलं, तर तो ‘ओळखत नाही’ म्हणून ते टाकून देतो. परत क्यूत ठेवत नाही. नवं टास्क असेल तर वर्कर आधी. जुन्या टास्कला नवा पॅरामीटर जोडला असेल तर त्याला डिफॉल्ट किंमत द्या, कारण क्यूत जुन्या पद्धतीची कामं उभी असतात.

९. फेल झालेल्यांचा आकडा रोज बघून उपयोग थोडा. न झालेल्यांचा बघा. या महिन्यात बिल निघायला हवेत असे फ्लॅट किती, प्रत्यक्षात गेलेली ईमेल्स किती, दोन्ही डेटाबेसमधून मोजा आणि फरक निघाला तर फोन वाजवा. ही तपासणी सेलेरीच्याच वेळापत्रकात टाकायचा मोह सगळ्यांना होतो. ती सर्व्हरच्या साध्या क्रॉनमध्ये टाका, आणि तो क्रॉन शक्यतो दुसऱ्या मशीनवर.