हृदय आणि श्रम

हृदय हा स्नायूमय अवयव आहे. योग्य श्रमाने तो बळकट होतो व सततच्या बैठेपणाने दुर्बळ होतो. याचा बोलका दाखला लंडन शहरात मिळाला. तेथील दुमजली बसगाड्यांचे चालक दिवसभर बसून काम करीत. वाहकांना मात्र तिकिटे देण्याकरिता जिन्याच्या शेकडो पायऱ्या चढाव्या-उतराव्या लागत. शहर एक, गाडीही एकच. तरी वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला, आणि जडला तरी तो उशिरा व कमी घातक असे. डॉ. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे संशोधन १९५३ साली प्रसिद्ध केले. पायी टपाल वाटणारे पोस्टमन व बैठे काम करणारे कारकून यांच्यातही त्यांना असाच भेद दिसला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी आठवड्यास निदान १५० मिनिटे भरभर चालण्यासारखा व्यायाम करावा. मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे हालचाल हवी. तंबाखू वर्ज्य करावी व प्रौढांच्या आहारात मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे.

सवयी बालपणीच जडतात. म्हणून अभ्यासक्रम मागे पडला, तरी शिक्षकांनी खेळाचा तास गणितासाठी घेऊ नये. मैदानावरील तो तासही शिक्षणच होय.