‘कोणीतरी करेल’ म्हणजे कोणीच करत नाही

जून 2023 मध्ये पुण्याच्या सदाशिव पेठेत भरदिवसा एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला. ती जीव मुठीत धरून पळत होती, बरेच जण नुसते बघत होते. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक पोरगा मध्ये पडला, म्हणून ती वाचली.

बाकीचे वाईट होते का? तसं नाही. 1968 मध्ये लाताने आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत प्रयोग केला. इंटरकॉमवर एकाला झटका आल्याचा आवाज ऐकवला. ‘आपण एकटेच ऐकतोय’ असं वाटणाऱ्यांपैकी 85 टक्के लोक झटका चालू असतानाच मदतीला उठले. ‘अजून चौघं ऐकतायत’ असं वाटलं, तेव्हा फक्त 31 टक्के! जबाबदारी सगळ्यांची झाली की कोणाचीच राहत नाही.

म्हणून बीड-सोलापूर हायवेवर तुमच्या दुकानासमोर ॲक्सिडेंट झाला, तर ‘कोणीतरी फोन करा’ म्हणू नका. बोट दाखवून सांगा, ‘निळा शर्टवाले भाऊ, तुम्ही 108 लावा.’ पोलिसांच्या झंझटीची भीती वाटते? मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव सांगायची सक्ती नाही.

दुकानातही आजच ठरवा: आग लागली तर मेन स्विच कोण बंद करणार, फोन कोण लावणार. नावासकट भिंतीवर लिहून ठेवा.