शाळेची व्हॅन आणि मुलांची मोजदाद

पूर्वी आपली मुले शाळेला पायी जात. हायस्कूल लांब असले तर सायकलने जात. आता दिवस बदलले. सेलू, देवळी, आर्वी, हिंगणघाट, वर्धा अशा ठिकाणच्या शाळा-कॉलेजांत खेड्यांतली मुले रोज गाडीने जातात. कोणी एस.टी.ने जाते. खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी एस.टी.चा पास मोफत मिळतो. पण एस.टी.ची वेळ आणि शाळेची वेळ जमली नाही, की व्हॅन लावावी लागते. सकाळी हॉर्न वाजतो. पोरे दप्तर घेऊन धावतात. दार लागते. गाडी निघून जाते. आपण शेताच्या वाटेला लागतो.

त्या गाडीत किती मुले बसली, हे आपण कधी मोजले आहे काय? आजचा धडा एवढ्यासाठीच आहे.

बंडी आणि व्हॅन

बंडी कशी भरावी, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. ओझे मागे जास्त झाले की बंडी उलार होते. जू वर उचलले जाते आणि बैलांना त्रास होतो. कडबा फार उंच रचला, तर एक चाक खड्ड्यात जाताच बंडी कलंडते. म्हणून शहाणा शेतकरी भार मध्यावर ठेवतो, आणि जमेल तितका खाली ठेवतो.

मोठ्या व्हॅनचेही असेच आहे. तिच्या मागच्या जागा मागच्या चाकांवर, किंवा चाकांच्याही मागे असतात. मुले जास्त झाली की ती मागेच कोंबली जातात. काही उभी राहतात. दप्तरे टपावर जातात. म्हणजे भार मागे गेला आणि वरही गेला. मग वळणावर गाडी झुकते आणि ब्रेक दाबल्यावर लवकर थांबत नाही. रिकामी व्हॅन ज्या वळणावरून सहज निघते, तिथेच भरलेली व्हॅन उलटू शकते.

अमेरिकेत सरकारने पंधरा माणसांच्या व्हॅनची पाहणी केली. त्यात असे दिसले, की गाडीत दहा किंवा त्याहून जास्त माणसे असली, तर एकट्या गाडीच्या अपघातात ती उलटण्याचे प्रमाण जवळजवळ तिप्पट होते. गाडी तीच आणि रस्ताही तसाच. फरक फक्त भाराचा.

आपला रस्ता

आपल्याकडे काळी माती आहे. पावसाळ्यात डांबराची कड सुटते आणि बाजूची माती लोण्यासारखी होते. समोरून ट्रक आला की व्हॅनचे एक चाक खाली उतरते. अशा वेळी घाबरून स्टिअरिंगला हिसका दिला, तर गाडी उलटते. शहाणा ड्रायव्हर आधी वेग कमी करतो, आणि मग हळूच चाक वर घेतो. नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत असेल, तर तो गाडी पाण्यात घालतच नाही. शाळा एक दिवस बुडाली तरी चालेल.

कॉलेजातल्या मोठ्या मुलांनीही हे ध्यानात धरावे. २४ जानेवारी २०२२ च्या रात्री देवळी तालुक्यात सेलसुऱ्याजवळ एक मोटार पुलावरून खाली कोसळली. सावंगीच्या वैद्यकीय कॉलेजचे ७ विद्यार्थी त्यात गेले. ती व्हॅन नव्हती, साधी मोटार होती. पण रात्रीचा रस्ता आणि पूल सर्वांना सारखाच.

कायदा काय म्हणतो

१८ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीत मुलांनी खच्चून भरलेली शाळेची बस वजिराबादच्या पुलावरून यमुना नदीत पडली. २८ मुले दगावली. त्यानंतर त्याच वर्षी १६ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने शाळेच्या बसगाड्यांसाठी हुकूम दिले. गाडीवर शाळेची बस असे लिहिलेले असावे. शाळेचे नाव आणि फोन नंबर असावा. वेग रोखणारे यंत्र, प्रथमोपचाराची पेटी आणि आग विझवण्याचे नळकांडे असावे. दाराला पक्की कडी असावी. ड्रायव्हर पाच वर्षांचा तरी अनुभवी असावा. पुढे २०११ साली महाराष्ट्र सरकारने शाळेच्या बससाठी वेगळे नियम केले. त्यांप्रमाणे शाळेत परिवहन समिती असते. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात, आणि पालकांचा प्रतिनिधीही तिच्यात असतो.

२०१९ साली मोटार कायदा बदलला. त्यात जास्तीच्या प्रत्येक प्रवाशामागे २०० रुपये दंड सांगितला आहे. जास्तीची माणसे उतरवून त्यांची दुसरी सोय झाल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही.

"एकानं काय होते?"

कायदा आहे, तरी गाडी भरते. का भरते?

पालक म्हणतात, "गुरुजी, व्हॅनवाला आपल्याच गावचा पोरगा हाय. त्याले कसं टोकावं?"

व्हॅनवाला म्हणतो, "गुरुजी, बाराच पोरं बसवली तर डिझेलले पुरत नाही. अन् बापच म्हणतात, एकानं काय होते, घे बसवून."

दोघांचेही म्हणणे खोटे नाही. म्हणून आपण हिशेब करू. समजा, व्हॅनचा महिन्याचा सगळा खर्च आणि ड्रायव्हरची मजुरी मिळून १८,००० रुपये होतात. बारा मुले बसली तर प्रत्येकी १,५०० रुपये पडतात. वीस बसली तर ९०० पडतात. फरक महिन्याला ६०० रुपयांचा. शाळेचे २५ दिवस धरले, तर रोजचे २४ रुपये. मजुराच्या घरात २४ रुपये लहान नाहीत. पण त्या बचतीसाठी आठ मुले जास्त कोंबली जातात, आणि धोका आठांना नाही, विसांनाही होतो.

याला वाटा आहेत. व्हॅनने दोन खेपा कराव्या. दोन गावांनी मिळून दुसरी गाडी लावावी. सर्वांत चांगले म्हणजे ग्रामसभेत ठराव करावा, आणि शाळेच्या वेळेची बस एस.टी.च्या आगाराकडे लेखी मागावी. एकट्याचे तोंडी बोलणे हवेत विरते. गावाच्या ठरावाला उत्तर द्यावे लागते.

आता तुम्हाला वाचता येते

मग व्हॅनजवळ जा आणि वाचा.

१. नंबराची पाटी पाहा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असली तर ती भाड्याची गाडी. पांढरी पाटी म्हणजे घरगुती गाडी. तिने भाड्याने मुले नेता येत नाहीत.

२. गाडीचे आर.सी. बुक मागा. त्यात किती माणसांची गाडी, तो आकडा असतो. त्यात ड्रायव्हर धरला आहे का, तेही विचारा.

३. विमा, परमिट, फिटनेस आणि ड्रायव्हरचे लायसन्स यांच्या तारखा वाचा. मुदत संपलेला कागद म्हणजे कोरा कागद.

४. टायर पाहा. नक्षी झिजून टायर गुळगुळीत झाला असेल, तर ओल्या रस्त्यावर तो घसरतो. मागच्या टायरात हवा कमी असेल, तर गाडी उलटण्याचा धोका वाढतो.

५. घरच्या स्वयंपाकाच्या गॅसवर गाडी चालत असेल, तर मुलांना बसवू नका. तो गुन्हा आहे, आणि आगीला आमंत्रण आहे.

६. पट्टे आहेत का पाहा, आणि मुलांना ते लावायला शिकवा. गाडी उलटली की पट्टा नसलेले मूल बाहेर फेकले जाते.

७. संकटकाळी बाहेर पडायचे दार उघडते का, ते स्वतः उघडून पाहा. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याकडे जाणारी एक खासगी बस सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर उलटली. ती दाराच्या बाजूवरच पडली आणि पेटली. २५ माणसे गेली. त्यांत आपल्या वर्धा जिल्ह्यातील तरुण मुलेमुलीही होती. जे वाचले, ते काच फोडून बाहेर आले.

काही चुकीचे दिसले, तर आधी व्हॅनवाल्याशी गोडीने बोला. ऐकले नाही तर मुख्याध्यापकांना लेखी द्या. तरीही काही झाले नाही, तर वर्ध्याच्या परिवहन ऑफिसात किंवा पोलिसांकडे जा. अपघात झालाच, तर १०८ वर फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवा. पोलिसांसाठी ११२. जखमीला मदत करायला भिऊ नका. मदत करणाऱ्याला पोलिसांनी त्रास देऊ नये, असा कायदाच आहे.

बंडीत ओझे किती घालायचे, ते आपण बैलांकडे पाहून ठरवतो. व्हॅनमध्ये तर आपली लेकरे आहेत. उद्या सकाळी दार लागण्याआधी मुले मोजा. आकडा जास्त झाला, तर "एकानं काय होते" असे म्हणू नका. ते एक मूल आपलेही असू शकते.

प्रश्न

१. बंडी उलार केव्हा होते? व्हॅनचा भार मागे केव्हा जातो?

२. चाक डांबराखाली उतरले तर ड्रायव्हरने काय करावे?

३. तुमच्या गावच्या व्हॅनच्या आर.सी. बुकात किती माणसे लिहिली आहेत? रोज किती बसतात? दोन्ही आकडे पाटीवर लिहा आणि वजाबाकी करा.

४. शाळेच्या वेळेची बस मागण्यासाठी एस.टी.च्या आगाराला पाच ओळींचे पत्र लिहा.