आफ्रिकेच्या नोटेवर गुजराती अक्षरे कशी?



कवठे महांकाळच्या बाजारात भाजी घेताना तुम्ही दहा रुपयांची नोट पुढे करता. ती देण्यापूर्वी कधी उलटी करून पाहिली आहे का? मागच्या बाजूला एका उभ्या पट्टीत तिची किंमत पंधरा भाषांत लिहिलेली असते. वरून आठवी ओळ आपली, मराठीची. कोकणी, मराठी, नेपाळी आणि संस्कृत या चार ओळी देवनागरीतच आहेत, त्या ओळखून पाहा. ही पट्टी शोभेसाठी नाही. नोट ज्या ज्या लोकांच्या हाती जाणार, त्यांना ती वाचता यावी म्हणून ती छापलेली आहे. म्हणजेच नोटेवर कोणत्या लिपी आहेत हे पाहिले, की ती कोणाच्या हातातून फिरत होती हे कळते.

आता हीच कसोटी एका परदेशी नोटेला लावू या. जुन्या नोटांचा संग्रह करणाऱ्यांकडे 'ईस्ट आफ्रिकन करन्सी बोर्डा'च्या नोटा हमखास सापडतात. त्यांवर इंग्लंडच्या राजाचा किंवा राणीचा चेहरा असतो, सिंह असतो आणि किंमत तीन लिपींत असते : रोमन, अरबी आणि गुजराती! केनिया, युगांडा, टांगानिका हे देश कोठे आणि गुजरात कोठे? नकाशा काढा. मुंबई आणि मोंबासा यांच्यामध्ये फक्त अरबी समुद्र आणि हिंदी महासागर यांचे पाणी आहे. मोसमी वाऱ्यांच्या आधाराने या पाण्यावरून शिडाची गलबते शेकडो वर्षे ये-जा करीत. पुढे १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग बांधला गेला, तेव्हा तीस हजारांहून अधिक मजूर हिंदुस्थानातून नेले गेले. त्यांच्या मागोमाग दुकानदार गेले आणि गोव्याकडचे कारकूनही गेले. या सर्वांबरोबर आपला चांदीचा रुपयाही तिकडे गेला.

हा रुपया वजनाने एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम असे आणि त्याच्या बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी असे. आपल्या खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ भागातील गलाई कारागीर सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी भारतभर पसरलेले आहेत. तुमच्या नात्यात कोणी असेल तर त्यांना या रुपयाबद्दल अवश्य विचारा. पुस्तकापेक्षा जास्त माहिती मिळेल. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हा रुपया इतका रुळला, की इंग्रजांनी तेथे १९०५ साली नोटा काढल्या त्या रुपयांच्याच. झांझिबारच्या सुलतानाच्या राज्यातही १९०८ पासून रुपयांच्या नोटा निघाल्या. त्यांवर शिडाचे गलबत आहे आणि लवंगा तोडणारी माणसे आहेत. झांझिबारची सारी कमाई या दोन चित्रांत आली! शेजारच्या वसाहतीत जर्मनांचे राज्य होते, पण त्यांच्या नाण्याचे नावदेखील 'रुपी'च होते.

मग हा रुपया तेथून गेला कसा? ही हकीकत नीट समजून घेण्यासारखी आहे.

पहिल्या महायुद्धापूर्वी एका पौंडाला १५ रुपये मिळत, म्हणजे एक रुपया १६ पेनींचा होता. युद्धात चांदी महागली आणि चांदीचा रुपयाही महागला. १९२० च्या सुमारास तो २४ पेनींवर, म्हणजे दोन शिलिंगांवर गेला. समजा, केनियातील एका गोऱ्या मळेवाल्याने १,५०० रुपये कर्ज घेतले होते. पूर्वी ते फेडायला त्याला १०० पौंड लागले असते, आता १५० लागू लागले. त्याचा माल मात्र लंडनमध्ये पौंडांतच विकला जाई. साहजिकच ओरड झाली. सरकारने १९२० मध्ये रुपयाऐवजी दोन शिलिंगांचा 'फ्लोरिन' आणला आणि एक रुपया म्हणजे एक फ्लोरिन असे ठरविले. पण इकडे हिंदुस्थानात रुपया पुन्हा घसरून १६ पेनींच्या आसपास आला. आता गणित करा. मुंबईत १६ पेनींना मिळणारा रुपया मोंबासाला २४ पेनींना चालत असेल, तर व्यापारी काय करील? रुपयांच्या थैल्या जहाजात भरील! तसेच घडू लागले. शेवटी १९२१ मध्ये तेथे रुपया रद्द झाला आणि शिलिंग आले. ज्याने बातमी वेळेवर वाचली तो सुटला. ज्या खेडुताने आपले रुपये झोपडीत पुरून ठेवले होते आणि ज्याच्यापर्यंत बातमीच पोहोचली नाही, त्याचे काय झाले असेल?

रुपया गेला, पण दुकानदार राहिले आणि म्हणून नोटेवरची गुजराती अक्षरेही राहिली. शिलिंगाच्या नोटेवर ती पुढे कित्येक वर्षे छापली जात होती. १९६६ मध्ये केनिया, युगांडा आणि टांझानिया यांनी आपापल्या वेगळ्या नोटा काढल्या. केनियाच्या नोटेवर जोमो केन्याटा आले, टांझानियाच्या नोटेवर ज्युलियस न्येरेरे. युगांडाच्या १९७३ च्या नोटांवर ईदी अमीनचा चेहरा आहे. त्याच्या आदल्याच वर्षी त्याने हजारो भारतीय कुटुंबांना देशाबाहेर काढले होते. अशी नोट हातात आली तर ते साल जरूर पाहा.

दुसरे उदाहरण आपल्या आणखी जवळचे आहे. पोर्तुगीजांच्या काळात गोव्याच्या नोटा लिस्बनची एक बँक काढीत असे. 'बांकु नासियोनाल उल्त्रामारिनु' हे तिचे नाव. तीच बँक आफ्रिकेतील मोझांबिकच्याही नोटा काढी, त्यामुळे दोन्हीकडच्या नोटांवर एकच जहाजाची मुद्रा दिसते. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, मोझांबिक १९७५ मध्ये. नव्या सरकारजवळ नव्या नोटा तयार नव्हत्या. म्हणून १९७६ मध्ये जुन्याच नोटांवर 'बांकु द मोसांबिक' असा शिक्का छापून त्या चालविल्या. खाली पोर्तुगीज सरदाराचा चेहरा आणि वर स्वतंत्र देशाच्या बँकेचे नाव! माझ्या मते नवशिक्याने संग्रहाची सुरुवात या नोटेपासून करावी. ती फार महाग नसते आणि तीत एका देशाचे संक्रमण डोळ्यांना दिसते.

झिंबाब्वेची जानेवारी २००९ ची नोट तर तुम्ही ऐकली असेल. एकावर चौदा शून्ये, म्हणजे एक कोटी गुणिले एक कोटी डॉलर. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त या स्थानाला 'जलधी' म्हटले आहे. नोटेवर एकमेकांवर तोललेले तीन खडक आहेत. भाववाढीपुढे ही नोट काही महिनेही टिकली नाही. तिच्या नकला मात्र आज बाजारात भरपूर आहेत, तेव्हा घेताना सावध राहा.

अस्सल नोट ओळखायला दहा पट मोठे दाखवणारे एक भिंग पुरे. अनेक नोटांची मुख्य चित्रे कोरीव पत्र्यावरून मोठ्या दाबाने छापतात. शाई कागदावर किंचित उंच उभी राहते आणि बोटाला खरखर लागते. भिंगातून रेषा अखंड दिसतात. साध्या नकलेत त्याच रेषा रंगीत ठिपक्यांच्या बनलेल्या दिसतात. नंतर नोट उजेडासमोर धरून जलचिन्ह पाहा. ते शाईचे नसते. कागद बनतानाच त्याची जाडी कमी-जास्त केलेली असते, म्हणून काही भागातून उजेड जास्त येतो. आधी आपल्याच शंभराच्या नोटेवर हे सारे करून पाहा.

मुंबईला गेलात तर फोर्टमधील रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय चुकवू नका. घरी नोट ठेवताना तिला चिकटपट्टी लावू नका, टाचणी टोचू नका आणि सुरकुत्या घालविण्यासाठी इस्त्री तर मुळीच फिरवू नका. मऊ प्लॅस्टिकच्या स्वस्त पिशव्या काही वर्षांनी चिकट होऊन छपाई खराब करतात. पातळ पॉलिएस्टरचे पाकीट चांगले. देश, साल, लिपी, चित्र, छापखान्याचे नाव आणि नोट कोठून मिळाली हे सारे वेगळ्या कागदावर लिहून पाकिटामागे ठेवा. नोटेवर मात्र पेन्सिलीनेही काही लिहू नका.