चमचा तिरपा धरून बघ

ये बाई, आत ये. बाजेवर नको बसू, सुंभ ढिला झालाय तिचा. इथं पाटावर बस. आदेश हातात पडल्या पडल्या पेढे घेऊन आलीस, बरं वाटलं. अंगणवाडीत मदतनीस म्हणजे कमी आणि सेविका म्हणजे जास्त, असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नकोस. मी इतकी वर्षं सेविका होते, तरी लेकरांनी घरी जाऊन नाव सांगितलं ते खिचडी करणाऱ्या बाईचंच. रजिस्टर लिहिणारीला कोण विचारतं?

तुला हसू येईल, पण सोमवारी गॅस पेटवण्याआधी एकच गोष्ट शिकून जा. खिचडी झाली की पळी बाजूला ठेव, साधा खायचा चमचा भर आणि तिरपा धर. खिचडी घरंगळून खाली पडली, तर ती पातळ झाली. चमच्याला धरून राहिली आणि मग गोळा होऊन हळूच सुटली, तर जमली. माझ्या अख्ख्या नोकरीतलं शहाणपण मागितलंस तर ते या चमच्याएवढंच आहे.

का ते सांगते. लेकराचं पोट केवढं असतं गं? वजनाच्या किलोमागं साधारण ३० मिलिलिटर धर. म्हणजे आपल्या दहा किलोच्या पोराच्या पोटात एका वेळी ३०० मिलिलिटर मावतं, दीड फुलपात्र. त्यात तू पाण्यासारखी खिचडी ओतलीस, तर पोट भरतं, ढेकर येतो, पोरगं उठून खेळायला पळतं. आपल्यालाही वाटतं, जेवलं बिचारं. अंगाला मात्र काही लागत नाही. मोठा माणूस पातळ वरण चार वाट्या पिऊन भरपाई करतो. लेकराला तेवढी जागाच नसते. म्हणून त्याचं अन्न घट्ट हवं, थोडं हवं आणि पुन्हापुन्हा हवं.

मीही पातळ केलेली आहे, खोटं कशाला बोलू? एका वर्षी धान्य यायला उशीर झाला. डब्यात तळाला राहिलेले तांदूळ, आणि पटावरची सगळी पोरं हजर. पाणी वाढवत गेले. हजेरी पूर्ण, वाटप पूर्ण, कागदावर सगळं झकास. महिनाअखेरीला वजनं घेतली तर निम्म्याहून जास्त लेकरं होती तिथंच, दोघंतिघं तर मागं सरकलेली. काट्यापुढं उभी राहून मला रडू आलं. कुणी रागावलं नाही, कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. तेव्हापासून धान्य कमी असलं की मी पाणी वाढवलं नाही. सरळ लेखी कळवलं, आणि पालकांना सांगून ज्याच्या वावरात जे पिकलंय ते मागून आणलं. मागायची लाज धरू नकोस. धामणगावात पसाभर तूर नाही म्हणणारं घर मला तरी अजून भेटलं नाही.

आता हिशेब ऐक. सरकारनं ठरवलं की सहा महिने ते सहा वर्षांच्या लेकराला अंगणवाडीतून दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत. जे फारच खंगलंय त्याला ८०० कॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात हे आकडे लिहिले गेले. म्हणजे आपण कुणावर उपकार करत नाही, त्या पोराचं त्याला देतो. आणि त्यासाठी २०१७ साली दर ठरला तो लेकरामागं दिवसाला ८ रुपये. आठ रुपयांत टपरीवर एक कट चहा धड मिळत नाही, हे मला ठाऊक आहे, तुलाही आहे. त्यावर भांडायचं तिथं आपण भांडलोय, मोर्चेही काढलेत. पण लेकरू समोर बसलेलं असताना भांडण उपयोगी पडत नाही, हिशेब पडतो.

एका लेकराला ५० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम मूगडाळ धर, वर एक छोटा चमचा तेल. झाल्या साधारण २९० कॅलरी, प्रथिनं आठेक ग्रॅम. बघ, नुसत्या खिचडीनं पाचशेचा पल्ला गाठत नाही. त्याला सकाळच्या खाऊत शेंगदाण्याच्या कुटाचा आणि गुळाचा एक लाडू जोड, २० ग्रॅम दाणे, १५ ग्रॅम गूळ. आणखी १७० कॅलरी आणि पाच ग्रॅम प्रथिनं आली. आता उरल्या चाळीस. त्या कुठून आणायच्या? पातेलं उतरवल्यावर वाढताना प्रत्येक वाटीवर आणखी एक छोटा चमचा तेल सोड. चमचाभर तेलात ४५ कॅलरी असतात आणि पोटात जागा म्हटली तर काहीच घेत नाही. तेलाचं नाव काढलं की आया नाक मुरडतात, खोकला होईल म्हणतात. होत नाही. तळलेल्या कुरकुऱ्याच्या पुड्यानं होतो का? मग तेवढ्यानं कसा होईल?

लाडवावरून आठवलं, हे नीट ऐक, यात चूक नको. दाणे कधी अख्खे द्यायचे नाहीत. फुटाणे नाहीत, उकडलेले हरभरे नाहीत, द्राक्षही अख्खं नाही. नोकरीला लागून दोन महिने झाले होते माझे. खरपूस भाजलेले दाणे पोरांच्या मुठीत दिले, कौतुकानं. एक तीन वर्षांचा पोरगा हसता हसता खात होता, आणि एकदम गप्प झाला. खोकला नाही, रडणं नाही. ओठ निळसर. मी त्याला मांडीवर पालथा घातला, डोकं खाली केलं आणि पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहातानं जोरजोरात मारलं. पाचव्या थापेला दाणा बाहेर पडला आणि पोरगं भोकाड पसरून रडलं. तेवढं गोड रडणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. त्या दिवसापासून खलबत्ता माझ्या ओट्यावरून हलला नाही. चार-पाच वर्षांपर्यंत दाण्याचा कूटच, तोही बसवून, हसत-पळत नाही.

भिंतीवर तक्ते लावलेले असतील, त्यात नाचणीची चित्रं दिसतील. नाचणी चांगलीच आहे, कॅल्शियम भरपूर असतं तिच्यात. पण आपल्या काळ्या रानात ती कुठं पिकते? इथल्या आईला नाचणीचं सत्त्व सांगितलं की ती दुकानातून महागाचा डबा आणते, चार दिवस देते आणि डबा संपला की संपलं. त्यापेक्षा ज्वारी सांग. ज्वारीच्या कण्या दुधात शिजव, वर तीळ भाजून कुटून टाक, कॅल्शियम तिळातून येतं. कळण्याची भाकरी वरणात कुस्करली की ज्वारी आणि उडीद दोन्ही एका घासात. धान्यात जे कमी असतं ते डाळ भरून काढते, डाळीत कमी असतं ते धान्य. आपल्या आज्यांना प्रथिनं हा शब्द ठाऊक नव्हता, पण कळणा दळताना ज्वारीत उडीद घालायला त्या विसरल्या नाहीत.

आणि फुणके! तुझ्या माहेरचे आठवतात का? तुरीची डाळ रात्री भिजत घालायची, सकाळी जाडसर वाटायची, त्यात कांदा, कोथिंबीर, मूठभर चिरलेली मेथी नाहीतर शेवग्याचा पाला. मुटके वळून चाळणीत वाफवायचे. मिरची अगदी नावाला. हातात धरून खाता येतात, सांडत नाहीत, आणि जी पोरं भाजी बघून तोंड फिरवतात ती पाला आहे हे न कळताच दोन-दोन संपवतात. वर लिंबू पिळ. लिंबाच्या आंबटपणानं पाल्यातलं लोह अंगी लागतं. चहानं उलटं होतं. म्हणून चहात बुडवलेलं बिस्किट खाऊन आलेलं पोरगं मला सगळ्यात जास्त छळायचं. भूक मेलेली आणि लोहही गेलेलं. आईला ओरडू नकोस. कापूस वेचणीच्या दिवसांत ती सकाळी सातला वावरात निघते, तिच्या हाताशी तेवढंच असतं. तिला एवढंच म्हण, चहाबिस्किटाऐवजी शिळ्या भाकरीचा कुस्करा दूध-गूळ घालून दे, नाहीतर तसंच उपाशी पाठव, मी आल्या आल्या लाडू देते.

एक मुलगी होती माझ्याकडं, चार वर्षांची. रोज आपली वाटी अर्धी खायची आणि अर्धी हळूच डब्यात सारायची. मी पहिल्यांदा रागावले, इथंच बसून खायचं म्हटलं. तिनं डबा पोटाशी धरला आणि बोलेचना. दुपारी मी तिच्या मागं मागं गेले. घरी सव्वा वर्षाचा भाऊ, आजी डोळ्यांनी अधू, आई कापसात. पोरीनं डबा उघडला, बोटानं खिचडी मऊ केली आणि त्याला भरवायला लागली. एक घास त्याला. बोट चाटून पुसून दुसरा घास. स्वतःचा एकही नाही. आजी म्हणाली, तेच भरवते रोज, माझ्या हातून सांडतं.

सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकरांना घरपोच पाकिटं मिळतात हे तुला ठाऊकच आहे. त्या घरातही पाकीट होतं, फळीवर, तोंड बांधलेलं. का नाही करत विचारलं, तर म्हणे गुठळ्या होतात, पोरगं थुंकतं. मी तिथंच चुलीवर केलं. थोडं तेल गरम करून पीठ मंद भाजून घेतलं, मग कोमट पाणी थोडं थोडं घालून हाटत राहिले. गुठळी नाही. आजीला आधी चाखायला दिलं, मग नातवाला. पाकीट वाटणं आणि पाकीट पोटात जाणं यात एवढं अंतर असतं बघ, एका चुलीचं. पुढं त्या बाळाची जबाबदारी त्याच्या आईच्या शेजारच्या जावेनं घेतली आणि पोरगी अख्खी वाटी खायला लागली. तिचं वजन वाढलं तेव्हा मी पेढे वाटले होते, तुझ्यासारखेच.

तुला ताराबाई मोडक माहीत असतील, निदान त्यांचा फोटो पाहिला असशील. १९४५ साली बोर्डीला त्यांनी आणि अनुताई वाघांनी काम सुरू केलं, पुढं कोसबाडला गेल्या. आदिवासी पाड्यावरची लेकरं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. १९७५ मध्ये २ ऑक्टोबरला सरकारची योजना देशभर ३३ प्रकल्पांत सुरू झाली, त्यात आपल्या बाजूचं मेळघाटातलं धारणी होतं. म्हणजे या नोकरीचं नावच सांगतं की पोरगं आलं नाही तर आपण जायचं. तू हजेरी मांडून मोकळी होशील, तसं करू नकोस. दोन दिवस आलं नाही, तर तिसऱ्या दिवशी त्याच्या दारात.

दंडाची पट्टी सेविकाबाई लावतील, तरी तुझ्याही डोळ्याला सवय असू दे. साडेबारा सेंटिमीटरच्या वर हिरवा, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, साडेअकराच्या खाली लाल. लाल आलं आणि पोरगं खायलाही नको म्हणतंय, किंवा दोन्ही पायांवर अंगठा दाबून धरल्यावर खळगा राहतो, तर तिथं आपला लाडू चालत नाही. त्याच दिवशी डॉक्टर, गरज पडली तर पोषण पुनर्वसन केंद्र. घरचे म्हणतील, दृष्ट लागली, उतरवतो. उतरवू दे बाई, मीठ-मोहऱ्या ओवाळू दे, पण गाडीत बसवून मगच घरी ये. आणि १० फेब्रुवारी, १० ऑगस्टची जंताची गोळी चुकवू देऊ नकोस. तू घातलेल्या चमचाभर तेलावर जंत पोसायचे नाहीत आपल्याला.

बाकी हात साबणानं धुणं, पाण्याचा माठ झाकणं, डाळीत सोंडे झालेत का पाहणं, हे तुझ्या आईनं शिकवलंय. उन्हाळ्यात मात्र सकाळी केलेलं दुपारपर्यंत ठेवू नकोस. आपल्याकडच्या मे महिन्यात खिचडी दोन तासांत वास मारते. उरलं तर तिथल्या तिथं संपव, डब्यात भरून उद्यासाठी कधीच नाही.

वाढताना स्वतः खाली बस. उभ्यानं वाढणाऱ्या बाईपुढं पोरं भीतीनं खातात, नाहीतर खातच नाहीत. न खाणाऱ्याला खादाड पोराच्या शेजारी बसव, बघ कसं बघून बघून तोंड उघडतं. मोबाइल दाखवून भरवायचं तर अजिबात नाही. घरी करतात ते पुरे झालं.

चल, अंधार पडायला आलाय, घरी वाट बघत असतील. थांब, ती वरच्या फळीवरची पितळी चाळण काढ. फुणक्यांसाठी घेऊन जा, माझ्याकडं दोन आहेत. अंगणवाडीतल्या चाळणीची भोकं मोठी आहेत, मुटके खाली पडतात. आणि खलबत्ताही ने, पण तो जड आहे, उद्या पोराला सायकलवर पाठव.